रिकाम्या रस्त्यावरची घंटा

ते यंत्र आमच्या सरांना एका सिनेमागृहाच्या मालकानं दिलं होतं, जिन्याखालची जागा मोकळी करून देण्याच्या अटीवर. बाल्कनीच्या जिन्याखाली ते कित्येक वर्षं धूळ खात पडलं होतं. परदेशी बनावटीचं, दिसायला उभ्या कपाटासारखं. समोर काच, काचेखाली खऱ्या मोटारीचं असावं तसं स्टिअरिंग आणि पायाशी एक पेडल. नाणं टाकलं की आत दिवा लागायचा आणि काचेपलीकडे रस्ता पळू लागायचा. टीव्हीसारखा पडदा त्यात नव्हता. रस्ता म्हणजे कॅनव्हासचा रंगवलेला लांब पट्टा, लाटण्यासारख्या दोन रुळांवर गोल फिरणारा. त्या पट्ट्यावर टेकलेली बोटभर लांबीची पत्र्याची मोटार. पट्टा पळायचा, मोटार जागेवरच राहायची आणि स्टिअरिंग फिरवू तशी डावी-उजवीकडे सरकायची. वाटेतल्या कुठल्या चित्रावर आदळली की घंटा वाजायची आणि लाल दिवा लागायचा.

ही गोष्ट साधारण ऐंशी सालाच्या आसपासची. मी तेव्हा नाशिकच्या एका कॉलेजात पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत सहायक होतो. वडील पिंपळगावच्या बाजारात कांद्याची पोती वाहायचे. आमच्या घराण्यात पदवी मिळवणारा मी पहिला. ती मिळाली ती सरांमुळे. माझं इंग्रजी इतकं कच्चं होतं की प्रश्न कळायच्या आत पेपर संपायचा. सरांनी मला संध्याकाळी आपल्या घरी बसवून एकेक धडा समजावला, आणि त्यांच्या घरच्या ताटात जेवूही घातलं. सर पोलिओ झालेल्या मुलांच्या एका वसतिगृहाचं काम बघायचे. ते म्हणाले, "आपल्या पोरांना चालता येत नाही, निदान गाडी तरी चालवू दे. जूनमध्ये मुलं परत येतील, त्याच्या आत होईल का तुझ्याकडून?" मी हो म्हणालो. सरांना नाही म्हणायला मी शिकलोच नाही.

वसतिगृह त्र्यंबक रोडला, तेव्हाच्या वस्तीच्या बाहेर होतं. मे महिना, मुलं आपापल्या गावी गेलेली. यंत्र ठेवलं होतं मागच्या अंगाच्या सामानाच्या खोलीत. त्या खोलीच्या भिंतीवर मुलांना लहान झालेले, पायाला आधार म्हणून बांधायचे कॅलिपर टांगलेले होते. लोखंडी सळ्या, चामडी पट्टे आणि खाली छोटे बूट. मूल वाढतं, कॅलिपर वाढत नाही, मग तो या भिंतीवर येतो. दुपारी वारा आला की ते सगळे हलायचे, एकमेकांवर किणकिणायचे. गुडघ्याच्या वर काहीच नसलेली मुलं रांगेत उभी असावीत असं दिसायचं. सुरुवातीला मी त्यांच्याकडे पाठ करून काम करायचो. दोन-तीन दिवसांनी तोंड करून बसू लागलो. पाठ करून बसणं जास्त अवघड होतं.

सुट्टीतही वसतिगृहात राहणारं एकच माणूस होतं, स्वयंपाक करणाऱ्या मावशी. त्यांना जायला घर नव्हतं. त्यांचे यजमान ट्रक चालवायचे. ओझर सोडल्यावर पुढं, आग्रा रोडवर ओढ्यावरच्या एका मोरीच्या कठड्याला त्यांची गाडी धडकली होती. भर दुपारी, रस्ता रिकामा असताना. दवाखान्यात ते संध्याकाळपर्यंत जगले आणि मावशींना एकच सांगत राहिले, "समोर काहीतरी होतं गं." लोकांनी मात्र ठरवून टाकलं की प्यायलेला होता. मावशी सांगायच्या, त्या माणसाला सुपारीचंही व्यसन नव्हतं. पण सासरच्यांनीही लोकांचंच खरं धरलं, तोंड दाखवायला जागा राहिली नाही म्हणून त्यांनाच घराबाहेर काढलं. गल्लीत त्यांचं नाव "दारुड्याची बायको" असंच राहिलं. आपल्या नवऱ्याचा शेवटचा शब्द कुणीतरी एकानं खरा मानावा, एवढंच त्या माउलीला हवं होतं.

पहिल्याच आठवड्यात चहा घेऊन आल्या तेव्हा त्यांनी मला विचारलं होतं.

"भाऊ, तुम्ही सायन्स शिकलात ना?"

"हो."

"मग सांगा. रिकाम्या रस्त्यावर गाडी आदळते का हो?"

मी खरं तेच बोलायचं म्हणून बोललो. "नाही मावशी. काहीतरी असल्याशिवाय आदळत नाही. नाहीतर मग चालवणाऱ्याचं..." आणि थांबलो.

"हं," त्या कप उचलत म्हणाल्या, "सगळे इथंच थांबतात."

यंत्रात उंदरांनी घरटं केलं होतं, तारा कुरतडल्या होत्या, रुळांना गंज चढला होता. ते सगळं हळूहळू जमलं. नाण्याच्या जागी बटण बसवलं. पायाचं पेडल काढून हाताची दांडी केली, कारण मुलांचे पाय पेडलवर दाबच देऊ शकले नसते. खरी अडचण पट्ट्याची होती. कॅनव्हास कुजला होता आणि त्यावरचं चित्र पार उडून गेलं होतं. उरली होती ती फक्त भोकं. यंत्राची युक्तीच त्या भोकांत होती. पट्ट्याच्या खाली पत्रा होता आणि मोटारीच्या पोटाशी पितळेची एक बारीक जीभ. जिथं वाटेत काही काढलेलं असेल तिथं हरभऱ्याएवढं भोक. जीभ भोकातून पत्र्याला टेकली की वीज वाहायची आणि घंटा वाजायची. त्या भोकांवर कधीकाळी कुणी काय काढलं होतं ते मात्र कळायला मार्ग नव्हता.

नाशिकच्याच द्वारका चौकातल्या ताडपत्रीवाल्याकडून मी नवा कॅनव्हास आणला. जुना पट्टा त्यावर अंथरून जिथल्या तिथं भोकं पाडली आणि प्रत्येकाभोवती खडूनं गोल केला. मग द्वारकेचाच एक पेंटर शोधला. तो ट्रकची मागची फाळकी रंगवायचा. त्याआधी ट्रकवर क्लीनर होता.

"रस्ता कुठला काढू मास्तर?"

"परदेशात असतो तसा काढा. डोंगर, झाडं."

"परदेश मी पाह्यला नाय. आग्रा रोड काढतो. एकेक खड्डा पाठ हाय."

"खड्डे नकोत."

"मंग तो आग्रा रोड कसला!"

आणि त्यानं खरोखर आग्रा रोडच काढला. द्वारकेच्या चहाच्या टपऱ्या, आडगाव, ओझर, द्राक्षांचे मांडव, पिंपळगावच्या कांद्याच्या बैलगाड्या. जिथं भोक होतं तिथं ट्रक, टेम्पो, गाडी असं काहीतरी घातलं. एका ठिकाणी कुत्रं झोपवलं. "खरं कुत्रं बी तिथंच झोपतं," म्हणाला. मोठं छान काम झालं होतं. मला तर त्यात माझ्या घराची वाट दिसत होती.

पहिल्यांदा चालवायला सर बसले. सरांनी जन्मात फक्त सायकल आणि स्कूटर चालवलेली.

"सर, याला ब्रेक नाय बरं का," पेंटर म्हणाला.

"माझ्या स्कूटरला तरी कुठं आहे?" सर म्हणाले आणि दांडी पुढं केली.

रस्ता पळू लागला. सरांनी टेम्पो चुकवला, कुत्रं चुकवलं, ओझर मागं टाकलं. पुढं सरळ काळाभोर रस्ता, डाव्या हाताला एक पांढरी मोरी. मोटार मोरीपाशी आली आणि घंटा वाजली. लाल दिवा लागला. भिंतीवरच्या सगळ्या सळ्या लाल झाल्या.

"मी तर आपल्या बाजूनं होतो," सर म्हणाले.

"सरका सर. तुमचं लायसन नाय म्हणून वाजली." पेंटर बसला. हात अगदी सराईत. सगळं चुकवत, डाव्या बाजूनं नीट गेला. मोरीपाशी घंटा.

मी बसलो. मला धड चालवता येत नव्हतं, नागमोडी गेलो, मोरीपाशी तर भलत्याच बाजूला होतो. घंटा वाजली नाही. पुन्हा चालवलं, मन लावून, सरळ. वाजली. जो नीट चालवेल तोच आदळत होता.

आम्ही काचेला कपाळ टेकवून पाहिलं. मोरीपाशी रस्ता स्वच्छ काळा होता. तिथं काही म्हणजे काही नव्हतं.

पेंटरचा विनोद आटला. "ओझरच्या पुढची ती मोरी लय वाईट जागा हाय," तो हळू आवाजात म्हणाला. "कठडा तुटलेलाच हाय तिथला. मी बी तसाच काढला."

"डावीकडचा ना?" दारातून आवाज आला.

मावशी चहा घेऊन उभ्या होत्या. दारातून पट्टा दिसत नव्हता. ती जागा त्यांनी कधी पाहिलीही नव्हती, नुसती ऐकली होती. पेंटरनं नुसती मान हलवली. सरांना मावशींची हकीकत माहीत होती. त्यांनी पुढं होऊन बटण बंद केलं. पट्टा लगेच थांबला नाही. थोडा वेळ तसाच सरकत राहिला, आणि तोपर्यंत कुणी कप उचलला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी एकटाच असताना मावशी आल्या आणि न विचारता स्टुलावर बसल्या. मी मुकाट्यानं बटण दाबलं. त्यांनी स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरलं, पोळपाट धरावा तसं. दांडी अगदी थोडी पुढं केली. रस्ता चालत्या माणसाच्या गतीनं येत होता. टेम्पो गेला. कुत्रं गेलं. मोरी जवळ येऊ लागली तशा त्या पुढं वाकल्या. घंटा वाजली तेव्हा त्या दचकल्या नाहीत.

"परत लावा भाऊ."

परत वाजली. लाल उजेडात त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"काही नव्हतं ना?"

"नाही मावशी."

"नीट पाहिलंत?"

"पाहिलं."

"मग?"

मी बटण बंद केलं. त्या उठून गेल्या. खोलीत वारा नव्हता, तरी कॅलिपरांचा आवाज येतोय असं वाटत राहिलं. मी जवळ जाऊन पाहिलं तर सगळे स्थिर होते.

मग मी सगळं खोलून तपासलं. जीभ सरळ होती. तारा नव्या होत्या. प्रत्येक भोकावर पेंटरनं काहीतरी काढलंच आहे असं मी धरून चाललो होतो, त्यामुळं तिकडं लक्ष गेलं नाही. दुपारी तिथं बसणं नकोसं वाटू लागलं. पेंटर एकदा डोकावला आणि म्हणाला, "नारळ फोडू, लिंबू उतरवू. मुलांची जागा हाय." मी नको म्हणालो. आमच्या घरानं धम्म घेतला तेव्हा वडिलांनी भगत, अंगारा, लिंबू-मिरची सगळं एका दिवसात उंबऱ्याबाहेर टाकलं होतं. मी त्याच अभिमानात वाढलो. पण त्या खोलीत मला पहिल्यांदाच कळलं की भीती वाटली तर तिच्यावर टाकायला आमच्याकडे काहीच उरलेलं नाही.

"मंग बघा पुस्तकात," पेंटर म्हणाला आणि निघून गेला.

शेवटी पट्ट्याखालचा पत्रा घासून काढावा म्हणून मी तो ओढून बाहेर घेतला. उन्हाची झळ येत होती म्हणून खिडकी लावली होती. आत नीट दिसावं म्हणून पट्ट्याच्या खाली जळता बल्ब सरकवला, आणि रस्त्यावर दिवे लागले. ट्रकच्या पोटात एक. टेम्पोच्या पोटात एक. झोपलेल्या कुत्र्याच्या कुशीत एक. मी हातानं रूळ फिरवत गेलो. मोरीपाशी, रिकाम्या काळ्या रस्त्यावर, एक दिवा एकटाच जळत होता.

बाकीचे दिवे कशाच्या ना कशाच्या आत होते. हा नुसता रस्त्यावर होता.

खडूचा तो एक गोल रंगवताना पुसला गेला असणार. काळ्या डांबरात काळं भोक वरून दिसत नव्हतं. एवढं साधं कारण. मी जमिनीवर बसलो, घाम पुसला. पण हवी तेवढी सुटका वाटली नाही. ते भोक मी मनानं पाडलेलं नव्हतं. कुठल्यातरी दूरच्या देशात कुणीतरी त्या जागी काहीतरी काढलं होतं. ते काय होतं ते पुसून गेलं, भोक राहिलं, आणि पेंटरनं नेमकी तिथंच ती मोरी आणून ठेवली.

सरांना सांगितलं तर म्हणाले, "ठिगळ लाव. मुलांना फसवायचं नाही." बरोबरच होतं. पण ठिगळ लावण्याआधी मावशींना सांगणं भाग होतं. सांगितलं तर आपण त्यांच्या हातातलं काही काढून घेऊ, ही धास्ती होती. न सांगणं मात्र मला शिकवलेलंच नव्हतं. मी त्यांना बोलावलं, खिडकी लावली, बल्ब दाखवला.

त्यांनी बराच वेळ तो ठिपका पाहिला. मग करंगळीचं टोक त्यावर ठेवलं. नखाच्या कडेनं उजेड झिरपला.

"म्हणजे होतं," त्या म्हणाल्या.

"मावशी, हे यंत्राचं भोक आहे. त्या खऱ्या मोरीशी याचा..."

"कळतंय मला. वेडी नाही मी. तुम्हीच म्हणालात ना, काहीतरी असल्याशिवाय आदळत नाही? इथं होतं. तुम्हाला दिसलं नाही, सरांना दिसलं नाही, ज्यानं रस्ता काढला त्याला दिसलं नाही. तिघंही शुद्धीवर होता ना?"

"होतो."

"मग झालं तर."

आणि दारात जाऊन वळल्या. "बुजवू नका ते. तिथं काहीतरी काढायला सांगा. पोरांना दिसू दे."

पेंटर आला, पट्ट्याशी उकिडवा बसला. "काय काढू मावशी?"

"मला काय ठाऊक? ते 'काहीतरी' एवढंच म्हणाले. नाव नाही घेतलं."

पेंटर ब्रश हातात धरून थांबला. "दगड असतील," तो म्हणाला. "गाडी बंद पडली की मागं दगड मांडतात ना, वर झाडाची फांदी. मागच्याला कळावं म्हणून. मोरीपाशी बाभळीची सावली हाय, समदे तिथंच थांबतात. गाडी नीट झाली की डायवर क्लीनरला म्हणतो, चल, बस लवकर. दगड कोण उचलतो? फांदी वाऱ्यानं उडून जाते. दगड ऑइलनं काळे झालेले. उन्हात डांबरावर दिसत नाहीत."

लहानपणापासून मीही असे सोडून दिलेले दगड रस्त्यावर पाहत आलो होतो. कधी मनात आलं नाही.

"तुम्हीही टाकून जायचात?" मावशींनी विचारलं. आवाजात राग नव्हता.

पेंटरनं वर पाहिलं नाही. "समदेच जायचे," म्हणाला. मग त्यानं एकेक दगड काढला, प्रत्येकाला उन्हाची पांढरी कड दिली, आणि वर बाभळीची हिरवी फांदी ठेवली. इतकं निगुतीनं काम त्यानं आख्ख्या रस्त्यात दुसरीकडे कुठं केलं नव्हतं. संपल्यावर ब्रश न धुताच गेला.

जूनमध्ये मुलं आली. कुबड्या बाजूला टाकून स्टुलावर चढण्यासाठी मारामारी. "ए, दगड आले, दगड! उजवीकडे घे रे बैला!" असा गिल्ला व्हायचा आणि मोटार वळसा घालून जायची. एकदा वसतिगृह बघायला आलेल्या पाहुण्यांपैकी एका बाईंनी विचारलं, "रस्त्यात दगड कशाला काढलेत हो?" आम्ही कुणी बोलायच्या आत मावशी कणकेच्या हातांनी पुढं आल्या. "गाडीवाले टाकून जातात. माझे मालक त्यानंच गेले," म्हणाल्या. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. त्यांना इतक्या मोठ्यानं बोलताना मी तेव्हाच ऐकलं.

पावसाळा सरल्यावर त्या मला म्हणाल्या, "भाऊ, घरी जाल तेव्हा मला ती जागा दाखवाल?" मला ती पेंटरच्या चित्रामुळं नेमकी कळत होती. आम्ही दुपारच्या एसटीनं निघालो, ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर बसलो. ओझर गेलं. पुढं सरळ रस्ता, ऊन, समोरून एकही गाडी नाही.

"ती बघा, बाभूळ दिसते ना..."

मावशी उठून दांडी धरून उभ्या राहिल्या. रस्ता स्वच्छ होता. दगड नाही, फांदी नाही, साधं कागदाचं कपटं नाही. मोरी आली. ड्रायव्हरनं स्टिअरिंग हलकेच उजवीकडे घेतलं, तेवढ्यापुरता वळसा घातला, आणि गाडी पुन्हा डावीकडे आणली. तुटका कठडा खिडकीजवळून निघून गेला.

"ड्रायव्हरभाऊ, काय होतं तिथं?"

"कुठं?"

"आत्ता गाडी बाजूला घेतलीत ना."

"म्या? नाय ब्वा."

कंडक्टर हसला. "अवो मावशी, हे रोजच घेतात. इथं समदेच घेतात."

"कशासाठी?"

"ते आता कुणाला ठाऊक? पहिल्यापासून घेतात."

मावशी खाली बसल्या. "समदेच घेतात म्हणे," मला म्हणाल्या, जणू मी ऐकलंच नव्हतं. त्यांनी पदरानं तोंड पुसलं आणि समोर बघत राहिल्या.

मी मागं वळून पाहिलं. आमच्या मागून येणारा ट्रक मोरीपाशी पोचला होता. तोही त्याच जागी उजवीकडे सरकला, वळसा घालून परत आपल्या बाजूला आला. त्याच्यामागे रस्त्यावर काही नव्हतं.